शेऱ्यांची वही आणि न वाचलेला पाठ

शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाजवळ दोन वह्या असतात. एक पाठ टाचणाची, दुसरी पाठ निरीक्षणाची. पहिलीविषयी पुष्कळ बोलले जाते. उद्दिष्टे कशी मांडावीत, विषयप्रवेश कसा करावा, फलकाचे नियोजन कोठे दाखवावे, यांवर व्याख्याने होतात, पुस्तके निघतात, वाद झडतात. दुसरी वही म्हणजे सहाध्यायी पाठ घेत असताना मागच्या बाकावर बसून त्या पाठाविषयी लिहायची वही. तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ठरलेल्या संख्येइतकी निरीक्षणे भरली, प्रत्येकाखाली सही झाली, की ती अंतर्गत गुणांच्या गठ्ठ्यात जाते आणि यथावकाश रद्दीत. आमचे म्हणणे असे की, मराठीच्या अध्यापनात आज नेमके काय बिघडले आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने पहिली वही बाजूला ठेवावी आणि दुसरी उघडावी.

उघडल्यावर काय दिसते? विषयप्रवेश प्रभावी. आवाज सुस्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम. शैक्षणिक साहित्याचा सुयोग्य वापर. आणि अगदीच काही उणे दाखवायचे म्हणून शेवटी: वेळेच्या नियोजनाकडे लक्ष द्यावे. हेच शेरे संतकाव्याच्या पाठाखाली असतात, हेच समासाच्या पाठाखाली आणि हेच विज्ञानातील पचनसंस्थेच्या पाठाखाली. पाठाचे शीर्षक झाकून शेरे वाचले तर वर्गात भारुड शिकवले गेले की जठर, हे सांगता येणार नाही. ज्या समीक्षेवरून साहित्यकृती ओळखता येत नाही ती समीक्षाच नव्हे, असे आपण साहित्याच्या वर्गात ठणकावून सांगतो. मग पाठाच्या बाबतीत हा न्याय कोठे जातो?

आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या, त्यांचे अभिप्राय गोळा केले आणि १९२९ साली त्यांवर पुस्तक लिहिले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी समीक्षेच्या अभ्यासक्रमात वाचलेले असते. सुशिक्षित विद्यार्थीदेखील समोरची कविता न वाचता मनात आधीच तयार असलेली प्रतिक्रिया तिच्यावर चिकटवतात, हा त्यातला अस्वस्थ करणारा भाग. एम.ए.ला हा साचेबंद प्रतिसादाचा मुद्दा परीक्षेत लिहून गुण मिळवणारा विद्यार्थी पुढे बी.एड.ला जातो आणि सहाध्याऱ्याच्या पाठाखाली तेच साचेबंद शेरे लिहितो. शिकलेले कोठे वापरायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगायचे काम आपले, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचे आहे.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक गाव घेऊ. पाचोड. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, पैठण तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे मोठे गाव. मोसंबीच्या बागांचा हा टापू आणि मोसंबीच्या बाजारासाठी गावाचे नाव आहे. येथल्या किंवा आसपासच्या एखाद्या शाळेत सराव पाठासाठी येणारा छात्राध्यापक बहुधा याच पट्ट्यातला असतो, पुष्कळदा घरातला पहिला पदवीधर. त्याच्यासमोर बसलेली मुलेही याच मातीतली. म्हणजे शिकवणारा, शिकणारा आणि मागच्या बाकावरून पाहणारा, तिघेही एकमेकांची भाषा, ऋतू, अडचणी जाणतात. परस्परांच्या पाठाविषयी खरे बोलणे कोठे शक्य असेल तर ते येथे. आणि तरीही वही तीच, शेरे तेच.

पाचोड ज्या तालुक्यात आहे त्या पैठणला या विषयाशी निगडित दोन गोष्टींचा वारसा आहे. पहिली परंपरेने सांगितलेली. ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने पैठणहून शुद्धिपत्र आणावयास सांगितले, अशी ती कथा. त्या मुलांना काय कळते, त्यांना काय म्हणायचे आहे, हा प्रश्नच नव्हता. माणूस ग्राह्य की अग्राह्य एवढाच निवाडा हवा होता आणि तो एका कागदावर. दुसरी गोष्ट इतिहासातली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले पाठभेद त्यांनी तपासले, ओवी ओवी वाचून ग्रंथ मूळ रूपाकडे नेला. येथे निवाडा माणसाविषयी नव्हता. समोर ग्रंथ होता, तो ओळीओळीने वाचला गेला आणि वाचनातून सुधारला गेला.

मराठीत ज्ञानेश्वरीच्या शब्दरूपालाही 'पाठ' म्हणतात आणि वर्गातल्या पस्तीस मिनिटांनाही 'पाठ'च म्हणतात. पाठभेद, पाठचिकित्सा, पाठ टाचण, पाठ निरीक्षण: शब्द एकच आहे. पहिल्या अर्थाने पाठ वाचण्याची शिस्त आपल्याकडे चारशे वर्षांहून जुनी आहे. दुसऱ्या अर्थाने मात्र आपण अजून शुद्धिपत्रे वाटत बसलो आहोत. निरीक्षण वहीतला शेरा हे शुद्धिपत्रच असते. तो छात्राध्यापक ग्राह्य आहे एवढे सांगतो आणि पाठाविषयी चकार शब्द काढत नाही.

सहाध्याऱ्याला हे काम मुळात कोणी दिले, हेही पाहायला हवे. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. आपल्याकडे ती १९७० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या केंद्राने आणि एनसीईआरटीने रुजवली. भारतीय प्रतिमानाचे छत्तीस मिनिटांचे चक्र प्रत्येक छात्राध्यापकाला तोंडपाठ असते: अध्यापन सहा मिनिटे, प्रत्याभरण सहा, पुनर्नियोजन बारा, पुनराध्यापन सहा, पुनर्प्रत्याभरण सहा. परदेशातील चित्रफितीची साधने आपल्याकडे सर्वत्र नव्हती, म्हणून विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायी बसले आणि निरीक्षकाच्या जागीही सहाध्यायीच बसले. साधनांच्या अभावातून आलेली ही तडजोड खरे तर मोठी संधी होती. चक्राचा हिशेब पाहा. एकंदर वेळाचा तिसरा हिस्सा निव्वळ सांगण्या-ऐकण्याला आहे आणि आणखी तिसरा हिस्सा ऐकलेल्यावर विचार करून पाठ नव्याने रचण्याला. शिकवण्याइतकाच वेळ प्रत्याभरणाला द्यावा, असे ही पद्धत सांगत होती.

प्रत्यक्षात तो वेळ सहीचा झाला. सुरुवातीच्या निरीक्षण पत्रकांत निदान मोजणी असे: प्रश्न किती विचारले, किती विद्यार्थ्यांना विचारले, उत्तर चुकल्यावर पुढे काय केले. मोजणी रूक्ष असेल, पण तिच्यासाठी पाहावे लागते. हळूहळू मोजणीच्या जागी पदनिश्चयन श्रेणी आली, श्रेणीच्या जागी विशेषणे आली आणि विशेषणांसाठी वर्गात डोळे उघडे ठेवण्याचीही गरज उरली नाही.

हे कालावधी वाढवून सुधारेल अशी एक आशा होती. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर २०१४ च्या नियमावलीने बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतील छात्रसेवाकाल वाढला. वर्ष एकाचे दोन झाले, वह्या वाढल्या, शेऱ्यांचा संच मात्र पूर्वीचाच राहिला. ज्याची बैठकच चुकली आहे त्याला वेळ वाढवून दिला की चूक अधिक वेळा होते, एवढेच.

आता पाठ न वाचणे म्हणजे काय, ते एका कल्पित पाठावर पाहू. समजा पाचोडच्या परिसरातील शाळेत नववीच्या वर्गात एकनाथांचे विंचवाचे भारुड शिकवले जात आहे. छात्राध्यापिकेने विंचवाचे चित्र आणले आहे. ती विचारते, विंचू कोणता? चावला कोठे? उतारा कोणता सांगितला आहे? मुले एका सुरात उत्तरे देतात, कारण प्रत्येक उत्तर पुस्तकातल्या ओळीत जसेच्या तसे आहे. मध्येच भारुडातल्या आकांताला मुले हसतात. ती त्यांना गप्प करते. मागून एक मुलगी सांगते की तिच्या आजीला कडब्याच्या गंजीत विंचू चावला होता आणि रात्रभर आजी ओरडत होती. ती म्हणते, छान, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते, कारण टाचणात पुढे काम आणि क्रोध यांचे स्पष्टीकरण आहे आणि घड्याळात बारा मिनिटे उरली आहेत.

वहीत या पाठाचे काय होईल? प्रश्न कौशल्य उत्तम, कारण प्रश्न भरपूर होते. प्रतिसाद उत्तम, कारण मुले मोठ्याने बोलली. वर्गनियंत्रण उत्तम, कारण हसणारी मुले गप्प झाली. शैक्षणिक साहित्य समर्पक, कारण चित्र होते. म्हणजे ज्या चार ठिकाणी पाठ हातातून निसटला, नेमक्या त्याच चार ठिकाणी त्याला शाबासकी मिळाली.

जो सहाध्यायी हा पाठ खरोखर वाचील तो काय लिहील? तो लिहील की, विचारलेल्या प्रश्नांपैकी जवळजवळ सर्वांची उत्तरे ओळीत तयार होती, म्हणून मुलांना भारुड समजले की नुसते सापडले, हे आपल्याला कळलेले नाही. तो लिहील की, मुले हसली तेव्हा त्यांना भारुड कळू लागले होते. भारुड हे लोकांसमोर सादर करायचे, हसवता हसवता गाठायचे काव्य आहे आणि ते हसू थांबवल्यावर त्याचा गद्य उपदेश उरला. तो लिहील की, आजीची वेदना सांगणारी ती मुलगी टाचणातल्या 'काम-क्रोध' या शब्दांपर्यंत जाणारा रस्ता स्वतःहून दाखवत होती. अंगात भिनणारे विष आणि मनात भिनणारा विकार यांचे नाते तिच्या बोलण्यातून उलगडता आले असते. आणि शेवटी तो विचारील: उरलेली बारा मिनिटे या मुलीला दिली असती तर टाचणातले काय गाळावे लागले असते, आणि ते गाळण्याने काय बिघडले असते?

या चार वाक्यांत कोठेही कटुता नाही आणि कोठेही विशेषण नाही. त्यांत पाहिलेले आहे. ते मार्गदर्शक प्राध्यापकालाही सहसा दिसत नाही, कारण त्याला एका तासात दोन-तीन वर्गांतून फिरायचे असते. शिकवणाऱ्याला तर दिसणे शक्यच नसते. त्याचे लक्ष फळा, टाचण आणि घड्याळ यांत वाटलेले असते. मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी पूर्ण वेळ बसलेला, त्यांची कुजबुज ऐकणारा, कोणाची वही कोरी राहिली हे पाहणारा एकच माणूस वर्गात असतो आणि तो सहाध्यायी. पाठाचा तो पहिला आणि बहुधा एकमेव वाचक असतो. त्याने वाचले नाही तर तो पाठ कोणीच वाचत नाही.

येथवर आम्ही शेऱ्यांच्या गुळमुळीतपणाविषयी बोललो. पण वहीत एक शेरा असा आहे जो गुळमुळीत नाही आणि जो लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. तो म्हणजे: उच्चार शुद्ध हवेत. कधी सौम्य रूपात, बोलण्यात ग्रामीण छटा जाणवते. छात्राध्यापक वर्गात 'लेकरांनो' म्हणाला, 'कामून' म्हणाला, 'करायलेत' म्हणाला, की मागच्या बाकावरची लेखणी एकदम धीट होते. ज्याला प्रश्नांतला पोकळपणा दिसला नाही त्याला न-ण बरोबर ऐकू येतो. आणि विशेष म्हणजे हा शेरा लिहिणाराही त्याच तालुक्यातला असतो, घरी तेच बोलतो.

या धीटपणाला मराठी समीक्षेत मोठा पूर्वज आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर पेशाने शाळामास्तर होते. 'शालापत्रक' हे शिक्षण खात्याचे, शिक्षकांसाठीचे मासिक ते सांभाळत. त्यातली टीका सरकारला झोंबली आणि १८७५ साली ते बंद झाले. तोवर १८७४ मध्ये त्यांची 'निबंधमाला' सुरू झाली होती. म्हणजे आधुनिक मराठी टीकालेखनाचा एक उगम थेट शिक्षकांच्या मासिकात आहे, आणि टीकेची किंमत मोजण्याची तयारीही त्यात आहे. हा वारसा अभिमानाने सांगावा असाच आहे. पण याच 'निबंधमाले'त जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेच्या आणि व्याकरणाच्या दोषांची टवाळी झाली. शेतकऱ्यांच्या अज्ञानाविषयी, शिक्षणाच्या वाटणीविषयी जोतीराव जे सांगत होते त्याला भिडण्यापेक्षा विभक्तिप्रत्यय पकडणे सोपे होते. भाषेचे सोवळे हे न वाचण्याचे सर्वांत प्रतिष्ठित साधन आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले.

त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक कसे असावेत हे सांगितले आहे. ते प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत. लोकांत मिसळणारे, गरज पडल्यास नांगराला हात लावायला न लाजणारे असावेत, असा त्याचा आशय. पाचोडच्या वर्गात उभा असलेला, 'लेकरांनो' म्हणणारा छात्राध्यापक हा जवळपास दीडशे वर्षांनी पुरी होत आलेली ती मागणी आहे. आणि आपण त्याच्या वहीत काय लिहितो? ग्रामीण छटा जाणवते. जे त्याचे बळ आहे तेच आपण दोषांच्या रकान्यात टाकले.

मोसंबी पिकवणाऱ्याला ही गोष्ट वेगळ्या प्रकारे ठाऊक आहे. कोळ्यांच्या उपद्रवाने मोसंबीच्या सालीवर तांबूस-करडे डाग पडतात, त्याला शेतकरी मंगू म्हणतात. डागी फळाचा बाजारात भाव पडतो. पण डाग सालीवर असतो, आतला रस चांगला असतो. व्यापाऱ्याला हे माहीत असते, शेतकऱ्यालाही. तरी भाव पडतोच, कारण गिऱ्हाईक साल पाहते. बाजाराला ते चालते, कारण त्याला फळ विकायचे आहे. अध्यापक महाविद्यालयाला शिक्षक घडवायचा आहे. तेथेही साल पाहूनच भाव होणार असेल तर मग बाजारात आणि महाविद्यालयात फरक तो काय?

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. प्रमाण मराठी शिक्षकाला आली पाहिजे, कारण ती मुलांना द्यायची आहे. पण ती कोठे आणि कशासाठी वापरायची, मुलांच्या बोलीपासून तिच्यापर्यंत कसे न्यायचे, हा पाठाच्या रचनेचा प्रश्न आहे. त्याविषयी लिहायचे तर पाहावे लागेल: छात्राध्यापक बोलीत बोलला तेव्हा किती मुलांनी तोंड उघडले आणि ग्रांथिक मराठीवर गेल्यावर किती गप्प झाली. असे निरीक्षण एखाद्याने केले तर तो त्या महिन्यातला भाषाशिक्षणावरचा सर्वांत मोलाचा मजकूर ठरेल. 'उच्चार शुद्ध हवेत' या तीन शब्दांत यातले काहीच नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: विद्यार्थ्यांना एकमेकांचे मूल्यमापन करण्याचा अधिकार काय, त्यांना अजून कळते किती? मूल्यमापन करू नका, हेच तर आम्ही सांगत आहोत. पाठ चांगला की वाईट हे ठरवायला अधिकार लागतो. तिसऱ्या रांगेतल्या मुलाने पूर्ण तासात एकदाही पुस्तक उघडले नाही हे लिहायला डोळे लागतात. विशेषणांचा आग्रह धरून आपणच विद्यार्थ्यांकडून नसलेला अधिकार वापरून घेतो आणि असलेली नजर वाया घालवतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. वर्ग लहान असतो, उद्या मला त्याच्यासमोर पाठ घ्यायचा आहे, अंतर्गत गुण दोघांचेही त्याच गठ्ठ्यात आहेत. अशा वेळी खरे लिहून वैर कोण घेणार? त्यात जात, गट, गाव, वसतिगृहातली खोली, सारे येते. हे आम्ही मान्य करतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? माणसे भित्री आहेत असा नाही. रचना चुकीची आहे असा. जोवर एकाच्या शेऱ्यावर दुसऱ्याचे गुण अवलंबून आहेत तोवर शेरा गोडच असणार. तो धागा तोडला पाहिजे. जपानमध्ये शिक्षकांचा गट एक पाठ एकत्र बसून रचतो, त्यातील एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सर्व जण मिळून पाठ दुरुस्त करतात. 'जुग्यो केन्क्यू' या नावाने तेथे जुनी असलेली ही रीत १९९९ साली स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या पुस्तकामुळे जगभर चर्चेत आली. तीत पाठ कोणा एकाचा नसतो, त्यामुळे पाठातली उणीव दाखवली तर कोणाचा अपमान होत नाही.

असे काही आपल्या मातीत होत नाही, असेही कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने औरंगाबादचाच इतिहास पाहावा. प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे वर्षानुवर्षे भरत. नव्याने लिहिणारे आणि ते वाचणारे समोरासमोर बसत. ज्या लेखनाला प्रस्थापित समीक्षा भाषेच्या आणि अभिरुचीच्या मोजपट्ट्या लावत होती त्या लेखनाविषयी तेथे त्याचेच लोक बोलत, आणि आपल्या मोजपट्ट्या आपण घडवत. आपल्यातल्याच माणसाचे लेखन आस्थेने आणि तरीही कडक नजरेने वाचणे मराठवाड्याला परके नाही. ते अध्यापक महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर राहिले, एवढेच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: याने नोकरी मिळणार आहे का? नाही. 'पवित्र' प्रणालीतून मुलाखतीविना होणाऱ्या भरतीत अभियोग्यता चाचणीचे गुण पाहिले जातात. उमेदवाराने पाठ कसा घेतला हे कोणी विचारत नाही, मग दुसऱ्याचा पाठ कसा वाचला हे कोण विचारणार? पण नोकरी मिळाल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यांचे प्रगतीपत्रक समग्र करायचे ठरवले आहे आणि त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही धरले आहे. म्हणजे ज्याने स्वतः दोन वर्षे 'आवाज सुस्पष्ट, प्रतिसाद उत्तम' लिहून वह्या भरल्या तो उद्या पाचवीतल्या मुलीला तिच्या मैत्रिणीच्या निबंधाविषयी लिहायला शिकवणार. तो काय शिकवील? फळ्यावर चार वाक्ये लिहून देईल आणि म्हणेल, यातले एक निवडा.

हा अंदाज नाही, अनुभव आहे. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी कराव्यात अशी अपेक्षा होती. कल्पना उत्तम होती: मुलाला पाहा आणि पाहिलेले लिहा. थोड्याच काळात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या, विषयवार, इयत्तावार, श्रेणीवार. शिक्षकाने मूल न पाहता त्याचे वर्णन केले. त्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पाहून लिहिणे ही गोष्ट त्याला कोठे शिकवली होती? जेथे शिकवायची त्या वहीत तर तो तयार शेरेच उतरवत होता.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. निरीक्षण वहीतून विशेषणांचा रकाना काढून टाकावा. पानाच्या एका बाजूला शिकवणाऱ्याने काय केले आणि दुसऱ्या बाजूला त्याच वेळी मुलांनी काय केले, काय म्हटले, कोणत्या शब्दांत म्हटले, एवढेच लिहावे. खाली पाठाच्या रचनेविषयी एक, फक्त एक, खरा प्रश्न विचारावा आणि ज्याचा पाठ आहे त्याने त्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे. निरीक्षणावरून शिकवणाऱ्याला गुण देऊ नयेत. द्यायचेच तर निरीक्षकाला द्यावेत, त्याने किती बारकाईने पाहिले यासाठी. आणि डझनांनी निरीक्षणे मागण्यापेक्षा तीनच मागावीत, पण त्यांतल्या प्रत्येकावर सर्वांनी बसून अर्धा तास बोलावे.

मराठीच्या विभागांनी यात पुढे व्हावे, हे आमचे विशेष सांगणे. ओळ वाचणे, शब्दाशी थांबणे, जे छापलेले नाही तेही ऐकणे, याचे शिक्षण विद्यापीठात फक्त आपण देतो. ते शिक्षण कवितेपाशी संपत असेल आणि कविता शिकवली जाताना चाळीस मुलांच्या चेहऱ्यांवर काय उमटते हे वाचायला उपयोगी पडत नसेल, तर आपल्या समीक्षेचा उपयोग परीक्षेपुरताच होता असे म्हणावे लागेल. भारुडाच्या तासाला आजीची गोष्ट सांगून खाली बसलेली ती मुलगी पुढच्या तासाला हात वर करील की नाही, हे मागच्या बाकावर बसलेला काय लिहितो यावर ठरणार आहे. त्याच्या हातून विशेषणे काढून घ्या आणि त्याला पाहू द्या.